पटावर नसलेली मुलं

१७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री शिरगणती झाली, तेव्हा भोसल्यांचं अक्कलकोट संस्थानही तीत मोजलं गेलं. सातारच्या जहागिरींपैकी हे एक. कारभार राजाचा, वरची देखरेख सोलापूरच्या कलेक्टराची. मोजणीदाराच्या कागदावर नाव, वय, जात, धंदा, भाषा यांच्या जोडीला आणखी एक चौकशी असे: घरात कुणी आंधळं, बहिरं-मुकं, वेडं किंवा महारोगी आहे काय? ही चौकशी १९३१ पर्यंत दर दहा वर्षांनी होत राहिली. जमलेल्या आकड्यांतली एक विसंगती मात्र अधिकाऱ्यांना खटकत होती. जन्मतः बहिरं मूल पहिल्या दिवसापासून बहिरंच असतं. मग सगळ्यात लहान वयाच्या गटात अशी मुलं भरपूर दिसायला हवीत. तक्त्यांत नेमकं उलटं होतं. पाच वर्षांखाली बहिरी मुलं जवळजवळ नाहीतच, आणि वय दहाच्या पुढं सरकलं की आकडा चढतो. जनगणनेच्या अहवालांनी कारणही नोंदवून ठेवलं आहे. आईबाप आशा सोडत नाहीत, मूल उशिरा बोलेल असं धरून चालतात, आणि विचारणाऱ्याला ‘तसं काही नाही’ सांगून मोकळे होतात.

घरात कुणाला काही कळतच नव्हतं, असं यावरून म्हणता येणार नाही. बाळानं मान कधी धरली, पालथं कधी पडलं, बसतं कधी झालं, पहिलं पाऊल कुठल्या सणाला टाकलं, हा हिशेब मराठी घरातली आजी तोंडपाठ ठेवत आली आहे. थोरल्याशी धाकट्याची तुलना रोजचीच. बाळगुटीत वेखंड उगाळायचं ते वाचा फुटावी म्हणून. पोर दोन वर्षांचं होऊनही बोलत नसलं की वेखंडाची मात्रा वाढायची. ओठ फाटलेलं मूल जन्मलं की गल्लीचा निकाल तयार असायचा: पोटुशी असताना हिनं ग्रहण पाळलं नाही, ग्रहणात विळी हातात धरली. व्यंग दिसलं त्याच दिवशी त्याचं खापर आईच्या माथी फुटत होतं. अशी बाई दारात आलेल्या सरकारी माणसाला खरं का सांगेल?

अक्कलकोटला या गोष्टीची दुसरी बाजूही पाहायला मिळते. स्वामी समर्थ १८५६ च्या सुमारास इथं आले आणि १८७८ मध्ये त्यांनी इथंच समाधी घेतली. त्या वीस-बावीस वर्षांत आणि नंतर वटवृक्षाच्या पारावर जी माणसं येत राहिली, त्यांत आजारी, मुकी, आंधळी, पांगळी पोरं कडेवर घेऊन आलेले आईबाप होते. स्वामींच्या लीलाकथांमध्ये अशी माणसं वारंवार भेटतात. श्रद्धेची चिकित्सा हा इथला विषय नाही. इतिहास म्हणून पाहिलं तर एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसते. नवस बोलायला निघालेल्या घराला पोरात काहीतरी वेगळं आहे हे उमगलेलं असतं. जे मोजणीदारापासून लपवलं जात होतं, ते स्वामींच्या गादीपुढं उघडपणे बोललं जात होतं, कारण तिथं दोष देणारं कुणी नव्हतं आणि काही मिळण्याची आशा होती. पुढच्या दीडशे वर्षांत सरकारनं आणि शिक्षकांनी जे जे प्रयत्न केले, ते याच दोन गोष्टींवर तरले किंवा बुडाले.

शाळा निघाल्या होत्या, पण दूर आणि उशिराच्या वयासाठी. मुंबईत कॅथलिक मिशननं १८८० च्या दशकात काढलेली बहिऱ्या-मुक्यांची शाळा देशातली पहिली मानतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दादरला अमेरिकन मिशनची आणि ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अशा अंधशाळा सुरू झाल्या. तिथवर पोचलेल्या मुलांचं भलं झालं. तीन-चार वर्षांच्या मुलाकडं रोज बघणारं, घराबाहेरचं, शिकलेलं माणूस मात्र गावात नव्हतं.

ते माणूस आलं बालवाडीबरोबर, आणि बालवाडीचं मूळ या विषयाला अगदी लागून आहे. रोममध्ये मारिया माँटेसरी यांनी पहिलं काम केलं ते मतिमंद म्हणून वेड्यांच्या इस्पितळांत कोंडलेल्या मुलांसोबत. बहिऱ्या आणि मंदबुद्धी मुलांसाठी इटार्ड आणि सेगाँ या फ्रेंच वैद्यांनी जी साधनं बनवली होती, ती त्यांनी हाती घेतली, सुधारली, आणि १९०७ मध्ये गरीब वस्तीतल्या सर्वसाधारण मुलांपुढं मांडली. खाचांत बसवायचे लाकडी दट्टे, बोटानं गिरवायची खरखरीत अक्षरं, गुंड्या लावायच्या चौकटी, हे सगळं त्या वाटेनं जगभर गेलं. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या हातून ते आधी भावनगरला आणि मग दादरच्या शिशुविहारात आलं. पुढं १९४५ मध्ये ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, सोबतीला अनुताई वाघ. वस्तीतली पोरं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. १९५७ पासून डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हेच काम वारली पाड्यांत वाढलं, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरली.

अंगणात शाळा नेण्याचा एक फायदा त्या वेळी कुणी फारसा बोलून दाखवला नसेल. इमारतीतल्या बालवाडीत जे मूल पाठवलं जातं तेवढंच शिक्षिकेला दिसतं. अंगणात ती गेली की ओसरीच्या कोपऱ्यात बसवून ठेवलेलं, न चालणारं, लाळ गळणारं पोरही तिच्या नजरेस पडतं. त्याला कुणी पाठवलं नसतं, पण ते तिथं आहे हे तिला कळतं.

याच सुमारास बडोद्याला एक वेगळं काम चाललं होतं. मराठी वाचकाला ते ठाऊक असायला हवं. महाराज सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक तान्ह्या बाळांच्या वाढीचं मोजमाप करत होत्या. अमेरिकेतल्या बेली यांची मोजपट्टी हाताशी होती, पण तिथलं बाळ अमुक महिन्यात ठोकळा उचलतं म्हणून बडोद्याच्या बाळानंही त्याच महिन्यात उचलावं असा आग्रह धरणं चूक, हे त्यांनी ओळखलं. बडोद्याच्या बाळांवरून बसवलेली परिमाणं १९७० मध्ये आली. ‘डासी’ या नावानं ओळखली जाणारी ही चाचणी हालचालींच्या ६७ आणि बुद्धीच्या १६३ बाबी तपासते आणि देशभरच्या बालविकास केंद्रांत आजही वापरली जाते. हरवलेलं खेळणं बाळ शोधतं का, घंटेच्या दिशेनं मान वळवतं का, असल्या साध्या कृतींची ती मोजदाद आहे. आजीच्या तोंडपाठ हिशेबाला शास्त्राची बैठक मिळाली. मात्र ती चाचणी घ्यायला प्रशिक्षित माणूस आणि निवांत वेळ लागतो. खेड्यात दोन्ही दुर्मिळ.

खेड्यात पोचली ती एकात्मिक बालविकास सेवा योजना. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्प सुरू झाले, त्यात मेळघाटातलं धारणी होतं. कोसबाडच्या अंगणातली कल्पना आता ‘अंगणवाडी’ म्हणून सरकारी झाली. योजनेच्या सहा सेवांमध्ये ‘संदर्भ सेवा’ पहिल्यापासून आहे. आजारी किंवा कुपोषित मूल पुढं पाठवायचं, आणि अपंगत्वाची लक्षणं दिसली तर नोंदवहीत नाव घालून ते वैद्यकीय अधिकाऱ्याला कळवायचं, असं सेविकेच्या कामात लिहिलेलं आहे. कागदावर ही तरतूद चोख होती. प्रत्यक्षात सेविकेचा, म्हणजे गावाच्या अंगणवाडीताईचा, दिवस वजनकाटा, आहार, लसीकरणाचा दिवस आणि भरायच्या वह्या यांतच संपत असे. पर्यवेक्षिका तपासायची तेही वजनच.

ही त्रुटी नेमकी दाखवून दिली मुंबईच्या मिठू अलूर यांनी. मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी त्यांनी १९७२ मध्ये कुलाब्याला शाळा काढली होती. तिच्यातून स्पॅस्टिक्स सोसायटी वाढली. पुढं लंडन विद्यापीठासाठी त्यांनी संशोधन केलं, ते ‘इनव्हिजिबल चिल्ड्रेन’ या पुस्तकात आलं. शाळापूर्व वयाच्या मुलांसाठीची जगातली सगळ्यात मोठी योजना अपंग मुलाला प्रत्यक्षात बाहेरच ठेवते, असा त्यांचा निष्कर्ष होता. धोरणात कुठं ‘घेऊ नका’ लिहिलेलं नव्हतं. पण घ्यायचं कसं हे ताईला कुणी शिकवलं नव्हतं, आणि आईला कुणी बोलावलं नव्हतं. नंतर त्यांच्या संस्थेनं धारावीच्या वस्तीत अंगणवाडीतच अपंग मुलांना इतरांबरोबर बसवून दाखवलं. मूल घरी ठेवण्याचं कारण बहुतेकदा लाज नसून ‘तिथं त्याला कोण बघणार’ ही काळजी असते, हे अशा कामातून दिसत आलं आहे.

दरम्यान पोलिओनं एक धडा घालून दिला होता. राष्ट्रीय पातळीवर पल्स पोलिओ १९९५ मध्ये सुरू झाला. त्याच्या जोडीनं एक पाळत बसली: पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला तर ताबडतोब कळवा, पोलिओ असो वा नसो. ताई, नर्सबाई, खाजगी डॉक्टर, झाडपाल्याचं औषध देणारा, सगळ्यांना ते सांगितलं गेलं. कळवलं की पथक खरोखर येत असे, नमुना खरोखर प्रयोगशाळेत जात असे. जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक (वन्य) पोलिओ विषाणूचा रुग्ण सापडला नाही. खेड्यातल्या बाईची नजर भरवशाची आहे हे तिथं सिद्ध झालं. अट एवढीच होती की तिनं दिलेल्या बातमीचं पुढं काहीतरी व्हावं.

‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला सुरू झाला. अनुताईंचं कोसबाड आज त्याच नावाच्या जिल्ह्यात आहे. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर अशा चार गटांतल्या तीस बाबी तपासायच्या, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. पथकात दोन डॉक्टर, एक नर्स आणि एक औषधनिर्माता. गाडी अंगणवाडीपुढं उभी राहते, पोरं ओळीनं बसतात, वजन-उंची, डोळे, दात, छाती तपासून होते. वाकडी पावलं, फाटलेला टाळू, डोळ्यातला पांढरा डाग, हृदयातला आवाज या गोष्टी अशा तपासणीत पकडल्या जातात आणि महाराष्ट्रातल्या कित्येक मुलांच्या शस्त्रक्रिया त्यामुळं मोफत झाल्या. या कार्यक्रमाचं हे यश मोठं आहे.

जे एका नजरेत दिसत नाही ते मात्र गाडी निघून गेल्यावर उरतं. अनोळखी डॉक्टरपुढं तीन वर्षांचं पोर तसंही गप्पच बसतं. ते घाबरलंय, लाजतंय, ऐकू येत नाही म्हणून गप्प आहे, की माणसांत मिसळण्याचीच त्याला अडचण आहे, हे पाच मिनिटांत ठरवणं कठीण. ताईला ते कळू शकतं, कारण तिच्यापुढं एकाच वयाची वीस-पंचवीस पोरं रोज असतात. आईकडं तुलनेला फार तर दोन. अनुभवी ताई काय करते ते जवळून बघण्यासारखं आहे. डबीत चार हरभरे टाकून ती पाठीमागून खुळखुळते, पोराच्या खांद्याला हात न लावता, सावली पडू न देता. गाण्याच्या वेळी कोण दुसऱ्याच्या हाताकडं बघून टाळी वाजवतं आणि कोण आवाजावर वाजवतं, हे तिच्या ध्यानात येतं. चित्र दाखवलं की कोण मान तिरकी करून जवळ सरकतं. मणी ओवताना कुणाचा एकच हात चालतो. ‘बाहेर खेळायला चला’ म्हटल्यावर सगळी पळतात आणि एक पोर चटईचा तोच कोपरा उलगडत बसतं, काल बसलं होतं तसंच. यातल्या एकाही गोष्टीला तपासणीचं सामान लागत नाही. दोन-तीन आठवडे तेच दिसलं तर ते लिहून ठेवायला हवं, एवढंच.

अक्कलकोट तालुक्यात या कामाला भाषेची गाठ पडते. संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होऊन सोलापूर जिल्ह्यात आलं, पण गावांची बोली सरहद्दीच्या रेषेनं ठरत नाही. मैंदर्गी, दुधनी, नागणसूर या बाजूला घराघरांत कन्नड आहे. महाजन आयोगानं १९६७ मध्ये हा तालुका तेव्हाच्या म्हैसूर राज्याला द्यावा अशी शिफारस केली होती. महाराष्ट्रानं ती मानली नाही, आणि इथं जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळाही मराठीच्या शेजारी चालत राहिल्या. शिवाय तांड्यांवर लमाणी, मुसलमान वस्तीत दख्खनी.

अशा गावात तीन वर्षांचं मूल अंगणवाडीत येतं आणि महिनाभर तोंड उघडत नाही. घरी कन्नड, ताईचं गाणं मराठी. ‘इकडे ये’ म्हटल्यावर ते जागचं हलत नाही. ताई ‘इल्ली बा’ म्हणते आणि पोर उठून येतं. प्रश्न सुटला: त्याला ऐकू येतं, समजतं, नवी भाषा अजून उलगडायची आहे. पण दोन्हीला हललं नाही तर? इथंच दोन्हीकडून चूक होण्याची भीती आहे. मराठीच बोलणारी नवी ताई किंवा डॉक्टर धडधाकट कन्नड पोरावर ‘बोलण्यात मागे’ असा शिक्का मारू शकते. आणि उलट, खरोखर कमी ऐकू येणाऱ्या पोराचं गप्प राहणं ‘कानडी घरचं आहे, शिकेल हळूहळू’ म्हणून दोन वर्षं सहज खपून जातं. दुसरी चूक जास्त महाग पडते. जन्मतः बहिऱ्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट बसवायचं तर सरकारी मदतीची मर्यादा पाच वर्षांच्या आतली आहे, आणि बोलणं शिकण्याच्या दृष्टीनं त्याच्याही कितीतरी आधी ते व्हायला हवं. म्हणून या तालुक्यात पहिला प्रश्न घरच्या भाषेत विचारायचा आणि आईला विचारायचा: घरी किती शब्द बोलतो? कुठल्याही भाषेतले चालतील. दोन भाषांमुळं मूल मुकं राहत नाही. तीन वर्षांच्या पोराला दोन्ही मिळून शब्द नसतील, तर कारण दुसरीकडं शोधायला हवं.

भाषेसारखीच नात्याची गोष्ट आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या ग्रंथात उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची लग्नाची चाल वेगळी कशी आणि महाराष्ट्र या दोन्हींच्या मध्ये कसा, ते दाखवलं. सोलापूरची ही कड दक्षिणेला लागून आहे. मामाची मुलगी करण्याची रीत इथं जुनी, काही घरांत खुद्द मामाशीही लग्न होतं. रक्ताच्या नात्यातल्या लग्नांमधून जन्मजात बहिरेपणाची आणि काही आनुवंशिक आजारांची शक्यता वाढते, हे वैद्यकानं पुरतं सिद्ध केलं आहे. हे सांगताना स्वर फार सांभाळावा लागतो. ग्रहणाच्या जागी नात्याचं लग्न ठेवून पुन्हा आईलाच बोल लावला, तर ती पुढच्या वेळी ताईपुढं पोर आणणार नाही. ताईनं हे माहीत ठेवायचं ते अशा घरातल्या बाळाचे कान लवकर तपासून घेण्यासाठी.

मुलं किती सुटतात, याचा अंदाज दोन आकडे शेजारी ठेवले की येतो. २०११ च्या जनगणनेत देशभरातली सहा वर्षांपर्यंतची अपंग मुलं २० लाख ४२ हजार भरली, म्हणजे त्या वयाच्या मुलांत शेकडा सव्वाच्या आसपास. उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी तज्ज्ञांनी घरोघर जाऊन तपासणी केली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. दोन ते सहा वर्षांच्या मुलांत मेंदूच्या वाढीशी संबंधित निदान एक तरी अडचण असलेली मुलं सुमारे ९ टक्के निघाली. यात फीट येणं, ऐकू कमी येणं, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता असं बरंच काही येतं. दोन्ही मोजण्यांची व्याख्या सारखी नाही. तरीही इतका फरक केवळ व्याख्येनं पडत नाही.

कायदा मधल्या काळात बराच पुढं गेला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. २८ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली: लक्षणं लवकर टिपायची, मुलाला अंगणवाडीतच सामावून घेऊन घरच्यांना बळ द्यायचं, आणि आशा कार्यकर्ती, नर्स, आरोग्य पथक यांच्यामार्फत पुढं पाठवायचं. मिठू अलूर यांनी जे मागितलं होतं, ते पुष्कळसं यात आहे. सहाच दिवसांनी, ४ डिसेंबरला, महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस मानधनवाढ आणि ग्रॅच्युइटीसाठी संपावर गेल्या. ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्येच मान्य केला होता. संप जानेवारीपर्यंत चालला. राज्यातल्या लाखावर अंगणवाड्यांमध्ये ही नवी जबाबदारी ज्यांच्या हातांनी पार पडायची, त्या बाया अजून वेतन नव्हे, मानधन घेतात. वर्षानुवर्षांच्या निरीक्षणानं कमावलेलं कसब त्यांच्याकडं आहे आणि त्याचं मोल व्हायला हवं.

मूल ओळखलं गेल्यावरची वाट अक्कलकोटहून सोलापूरला जाते, चाळीसेक किलोमीटर. पहिल्या खेपेला घरचे जातात. कानाची तपासणी होते, यंत्र मिळतं. पण तीन वर्षांच्या पोराचा कान वाढतो, काही महिन्यांत कानात बसवलेला साचा सैल होतो, यंत्र शिट्टी वाजवायला लागतं आणि पोर ते ओढून काढतं. सेल संपतो. मोलमजुरी करणाऱ्या बाईची एक दिवसाची मजुरी बुडवून दुसरी खेप होत नाही, आणि यंत्र कपाटात जातं. वाचोपचाराला तर आठवड्याला जायचं असतं. शिट्टी प्रथम ऐकू येते ती ताईलाच, कारण सकाळचे चार तास पोर तिच्यासमोर असतं. पर्यवेक्षिकेच्या हाताखालच्या अंगणवाड्यांच्या, म्हणजे बीटच्या, मासिक बैठकीत आज किती मुलं पाठवली याचा आकडा घेतला जातो. त्यातली किती पुन्हा गेली, कुणाचा साचा बदलायचा आहे, कुणाच्या गाडीभाड्याची सोय ग्रामपंचायतीच्या दिव्यांगांसाठी राखलेल्या निधीतून होईल, हे त्याच बैठकीत, नावानिशी आणि गरज पडेल तिथं कन्नडमधून विचारलं गेलं पाहिजे.